तळेगाव ते बिडकीन : परकीय भांडवलाच्या वाटेवर पाच दिवस

अठ्ठावीस वर्षे मी सोलापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले, आणि अभ्यासक्रम संपत आला की दर वर्षी 'थेट परकीय गुंतवणूक' ही संज्ञा फळ्यावर लिहून तिची व्याख्या सांगितली : परदेशी कंपनीने आपल्याकडे कारखाना काढायला किंवा चालू धंद्यात मालकी घ्यायला लावलेला पैसा. दर वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारायचेच, "सर, ती सोलापूरला का येत नाही?" त्यावर रस्ता, बंदर, विमानतळ, पाणी अशी यादी सांगून मी वेळ मारून नेत असे. असे विचारणारे बहुतेक विद्यार्थी पुढे हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेले आणि जिची व्याख्या पाठ केली होती तिच्याच फाटकातून रोज आत-बाहेर करू लागले. निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांच्यापैकी काहींना भेटावे आणि तो पट्टा डोळ्यांनी पाहावा, असे मनात आले. सौभाग्यवतींनी दोन अटी घातल्या : जाताना रांजणगावचा महागणपती आणि येताना तुळजापूर. गाडी आमचीच होती आणि चालक मेहुणे होते.

पहिला दिवस : तळेगाव

सोलापूरहून पहाटे निघून दुपारी तळेगाव दाभाड्यात पोहोचलो. मावळातील जानेवारीची हवा सोलापूरकरांना अंमळ जास्तच बोचते, त्यामुळे सामान ठेवल्यावर पहिली खरेदी मफलरची झाली.

तळेगावची औद्योगिक वसाहत मुद्दाम आधी घेतली, कारण परकीय भांडवल येते कसे, हे कुठेही दिसते. ते गेल्यावर काय होते, हे पाहायला महाराष्ट्रात याहून चांगली जागा नाही. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने २००८ मध्ये येथे मोटारींचा कारखाना सुरू केला. २०१७ मध्ये कंपनीने भारतातील विक्री थांबवली, तरी निर्यातीसाठी येथे गाड्या बनत राहिल्या, आणि २०२० च्या डिसेंबरात उत्पादन पूर्ण बंद झाले. त्याआधी, त्याच वर्षीच्या जानेवारीत, चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने हा कारखाना घेण्याचा करार केला होता. मात्र एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने भारताच्या सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला पूर्वपरवानगीची अट घातली, ती परवानगी मिळाली नाही आणि २०२२ च्या मध्यावर तो करार मोडला. गंमत अशी की याच जनरल मोटर्सचा गुजरातेतील हलोलचा कारखाना काही वर्षे आधी चीनच्याच एका कंपनीकडे विनासायास गेला होता. तीन वर्षांच्या फरकाने धोरण बदलले आणि तळेगावचे फाटक बंद राहिले. पुढे २०२३ मध्ये कोरियाच्या ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला, २०२४ च्या जानेवारीत व्यवहार पूर्ण झाला आणि २०२५ च्या अखेरीस नव्या व्हेन्यू गाड्या येथून बाहेर पडू लागल्या.

हा सर्व इतिहास मला वर्तमानपत्रांतून ठाऊक होता. ठाऊक नव्हती ती एका खाणावळीची वही.

माझा एक जुना विद्यार्थी या पट्ट्यात सुटे भाग पुरवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला होता. मोठ्या फाटकामागून त्याचेही फाटक बंद झाले. तो ज्या खाणावळीत जेवायचा, तिथे त्याने आम्हांला जेवायला नेले. पत्र्याची शेड, चार लाकडी बाके, पिठले, भाकरी, खर्डा आणि शेवटी आग्रहाने वाढलेली इंद्रायणी तांदळाच्या भाताची मूद. तो भात इतका मऊ आणि वासाचा होता की आमच्या मंडळींनी तिथेच दहा किलो तांदळाची चौकशी केली. खाणावळीच्या काकूंनी डब्यांचा हिशेब ठेवण्यासाठी दर वर्षी एक लांबट वही घातली आहे. मी अर्थशास्त्राचा मास्तर आहे असे कळल्यावर त्यांनी ती सगळी चळत माझ्यापुढे आणून ठेवली. एका ओळीत एक दिवस, पहिल्या पाळीचे डबे, दुसऱ्या पाळीचे डबे आणि कडेला बेरीज. चांगल्या वर्षांत ती बेरीज शंभराच्या पुढे होती, २०२१ च्या पावसाळ्यात ती बावीसवर आली होती, आणि त्या पानांवर मधेच 'आज बंद' असे शब्दही होते. कुठल्या तिमाही अहवालात मी इतका स्वच्छ आलेख पाहिलेला नाही.

"आता परत साठाच्या वर गेलेत," काकू म्हणाल्या, "पण नवी पोरं सांबार मागतात हो!" ह्युंदाईचा जुना कारखाना चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला असल्यामुळे तिकडची अनुभवी माणसे इकडे येणे स्वाभाविक होते. काकूंनी शेजारच्या तमिळ बाईंकडून सांबार शिकून घेतले असून बुधवार आणि शनिवार असे दोन वार त्यासाठी ठरवले आहेत. ते गोडसर होते, हे मला नोंदवलेच पाहिजे.

विद्यार्थ्याला मी त्याच्या बंद पडलेल्या नोकरीविषयी जपूनच विचारले. आठ महिने घरी बसलो, असे तो म्हणाला. त्यानंतर चाकणच्या एका कारखान्यात त्याला रोबो वेल्डिंगच्या विभागात घेतले, कारण यंत्राला वळण लावण्याचे काम त्याने जुन्या ठिकाणी शिकलेले होते. पगार थोडा कमी झाला, काम तेच राहिले.

जाणाऱ्यांसाठी सूचना : कारखान्यांच्या आत आगाऊ परवानगीशिवाय कोणालाही प्रवेश मिळत नाही आणि फाटकासमोर छायाचित्रे काढू लागल्यास सुरक्षारक्षक हटकतात. खाणावळींना मात्र कोणाचीही बंदी नाही.

दुसरा दिवस : चाकण

तळेगाव ते चाकण हे अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर, आणि आम्हांला लागले दोन तास वीस मिनिटे. मालमोटारी, कामगारांच्या बसगाड्या, नव्या मोटारी लादलेले लांबलचक ट्रेलर आणि त्यांमधून वाट काढणारे दुचाकीस्वार यांच्या त्या गर्दीत मेहुण्यांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही, कारण त्याचा उपयोग नव्हता. सकाळच्या आणि दुपारच्या पाळी बदलण्याच्या वेळा टाळून, शक्यतो सकाळी दहा ते दुपारी दोन या दरम्यान हा रस्ता पार करावा.

चाकण पूर्वी कांद्याच्या आणि जनावरांच्या बाजारासाठी ओळखले जाई, आणि तो बाजार आजही भरतो. त्यापलीकडे महाळुंगे, खराबवाडी, निघोजे या गावांच्या शिवारांत औद्योगिक वसाहत पसरली आहे. मर्सिडीज-बेंझ १९९५ मध्ये आधी पिंपरीला टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात गाड्या जोडू लागली आणि २००९ मध्ये चाकणला स्वतःच्या कारखान्यात आली. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, ज्यासाठी सुमारे ३,८०० कोटी रुपये गुंतवले गेले होते. मर्सिडीज आधी टेल्कोच्या आवारात का उतरली, या प्रश्नातच माझ्या मागच्या बाकाचे अर्धे उत्तर आहे. टेल्को, बजाज आणि किर्लोस्कर यांच्या कारखान्यांमुळे आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीच्या पिंपरी-भोसरीतील वसाहतींमुळे या भागात फिटर, टर्नर आणि टूलरूममधील कारागीर यांच्या दोन पिढ्या आधीच तयार होत्या. परकीय भांडवल कोरी जमीन शोधत येते, असे आपण समजतो. येथे ते नांगरलेल्या जमिनीत येऊन पडले.

हे मला नीट समजावले ते वर्गात कायम काठावर पास होणाऱ्या एका विद्यार्थ्याने. त्याचा आता चाकणमध्ये स्वतःचा प्रेसशॉप, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवण्याचा कारखाना, आहे. दोन गाळे, सहा प्रेस आणि अठरा माणसे असा पसारा आहे. तो पत्र्याचे लहान ब्रॅकेट बनवतो आणि मोठ्या पुरवठादाराला देतो. तो पुरवठादार ते आणखी मोठ्या भागात जोडून परकीय मोटार कंपनीला देतो. त्याने माझ्या तळहातावर एक ब्रॅकेट ठेवला. आकार काडेपेटीएवढा, दोन भोके आणि एक वाकवलेली कड.

"सर, याच्यात काय अवघड आहे, सांगा."

मला काहीच दिसले नाही. त्याने गेज, म्हणजे भोकाचे माप तपासण्याचे हत्यार, आणून दाखवले. त्याचे एक टोक भोकात जायलाच हवे आणि दुसरे टोक कधीच जाता कामा नये. या दोहोंमधील फरक डोळ्याला दिसत नाही. सुरुवातीच्या वर्षी त्याचा माल वारंवार परत यायचा. पुढे तपासणीला आलेल्या एका जर्मन अभियंत्याने मालाकडे पाहिलेही नाही. त्याने जमिनीवरचे पिवळे पट्टे पाहिले, गेज शेवटचे कधी तपासले याची तारीख विचारली आणि नाकारलेला माल ठेवण्याच्या लाल पेटीला कुलूप का नाही, एवढेच विचारून तो निघून गेला. "त्या दिवशी मला फार राग आला होता," विद्यार्थी म्हणाला, "पण पेटीला कुलूप लावलं, आणि महिन्याभरात परत येणारा माल निम्म्यावर आला." आज तो ट्रॅक्टर बनवणाऱ्या एका देशी कंपनीलाही माल देतो, आणि तिथेही तेच गेज व तेच कुलूप लागते. 'तंत्रज्ञानाचे हस्तांतरण' या मथळ्याखाली मी जे पाच मुद्दे लिहून देत असे, त्यांत कुलूप नव्हते.

नाण्याची दुसरी बाजू त्याच्या गाळ्यामागेच होती. तिथे एका शेतकऱ्याने बांधलेल्या चाळवजा दहा-बारा खोल्या आहेत. एका खोलीबाहेर मी चपला मोजल्या, त्या नऊ जोड्या निघाल्या. आत तीन गाद्या. पहिल्या पाळीचा उठतो, तिसऱ्या पाळीचा त्याच गादीवर झोपतो. यांपैकी कायम नोकरीत कोणीच नव्हते. सगळे कंत्राटदारामार्फत आलेले, आणि मुदत संपली की नव्या नावाने पुन्हा भरती होणारे. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात असा राज्याचा नियम आहे, पण त्यात 'स्थानिक' म्हणजे राज्यात पंधरा वर्षे वास्तव्य असलेला. म्हणजे नांदेडचा मुलगाही स्थानिक आणि सोलापूरचाही. खराबवाडीच्या जमीनमालकाची 'स्थानिक' या शब्दाची व्याख्या अर्थातच वेगळी आहे. त्याच्या सातबाऱ्यावर एमआयडीसीचा शिक्का पडला, मोबदला आला, उरलेल्या गुंठ्यांवर खोल्या चढल्या. आणि त्याचा मुलगा कंपनीत लागण्यापेक्षा कंपनीला माणसे, पाण्याचे टँकर आणि बसगाड्या पुरवण्यात व भंगाराचा ठेका मिळवण्यात जास्त रमला. त्या ठेक्यांपायी होणाऱ्या भांडणांच्या गोष्टी आम्हांला चहाबरोबर ऐकायला मिळाल्या. त्या येथे सांगण्यासारख्या नाहीत.

संध्याकाळी गावातला संग्रामदुर्ग पाहिला. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शायिस्तेखानाच्या फौजेसमोर हा लहानसा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला. आज तिथे तटाचे काही अवशेष आणि बुरूज उरले आहेत, आणि बाजारपेठेच्या गजबजाटात तो पटकन सापडत नाही. चौकशी करताना 'किल्ला' असेच विचारावे.

तिसरा दिवस : रांजणगाव, सुपे आणि पुढे

शिक्रापूरमार्गे रांजणगावला सकाळी नऊच्या आत पोहोचलो. दर्शन शांतपणे झाले. संकष्टीला मात्र तिकडे जाऊ नये. महागणपतीच्या देवळापासून थोड्याच अंतरावर इटलीची कारारो, फियाट, कोरियाची एलजी, अमेरिकेची व्हर्लपूल आणि चीनची हायर अशी पाट्यांची माळ लागते. हायरचे प्रकरण तळेगावच्या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखे आहे. अँकर-देवू हा फ्रीजचा कारखाना २००७ मध्ये या चिनी कंपनीने विकत घेतला, तिथेच पुढे विस्तार केला, आणि आज घराघरांत दिसणाऱ्या या मालाविषयी कोणाला फारसे काही वाटत नाही. कारखान्याचे फाटक तेच राहते, वरची पाटी बदलते. त्या पाटीला परवानगी मिळणार की नाही, हे ठरवणारे मात्र दिल्लीत बसतात. रांजणगावच्या चहावाल्याला त्याचे सोयरसुतक नव्हते. त्याच्या मते कोरियन साहेब साखर कमी घेतात.

सुप्याच्या परिसरात जपानी कंपन्यांसाठी राखीव औद्योगिक क्षेत्र आहे. उन्हे तापू लागली होती, म्हणून ते गाडीतूनच पाहिले. अहिल्यानगरला जेवलो आणि रात्री छत्रपती संभाजीनगरात मुक्कामाला पोहोचलो. मेहुण्यांनी नान-खलिया खाल्ला, आम्ही दोघांनी साधी खिचडी.

चौथा दिवस : शेंद्रा आणि बिडकीन

या शहराला बजाजने १९८० च्या दशकात वाळूजला कारखाना काढून उद्योगाची चटक लावली. पुढे २००१ पासून झेक प्रजासत्ताकाची स्कोडा शेंद्र्याला ऑक्टेव्हिया जोडू लागली. पैसा कसा मुरला, याचा किस्सा इथले लोक अजून रंगवून सांगतात : २०१० च्या ऑक्टोबरात शहरातील मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी तब्बल दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. परवा चाकणला जिचे फाटक पाहिले होते, तीच ही गाडी. त्या खरेदीला मी विकासाचा निर्देशांक मानणार नाही, पण बँकेने त्यासाठी कर्ज दिले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शेंद्रा आणि बिडकीन मिळून दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातले 'ऑरिक' हे नियोजित औद्योगिक शहर उभे राहत आहे. एकूण क्षेत्र सुमारे दहा हजार एकर. शेंद्र्यात ऑरिकची काचेची प्रशस्त इमारत आहे, रुंद रस्ते आहेत, वाहिन्या जमिनीखालून नेलेल्या आहेत आणि कोरियाच्या ह्योसंगचा स्पँडेक्स धाग्याचा कारखाना आहे. सोलापूरच्या माणसाने धाग्याच्या कारखान्यासमोर उभे राहून काय विचार करावा? आमच्या गिरण्यांचे भोंगे बंद झाले आणि माग चादरी व टॉवेलांवर तगून राहिले. आणि येथे परदेशातून येऊन कोणीतरी ताणले जाणारे सूत काढते आहे. मी बराच वेळ उभा राहिलो, तेव्हा सौभाग्यवती गाडीतून म्हणाल्या, "अहो, चला. हुरडा थांबत नाही."

हुरड्याचे आमंत्रण होते. एका विद्यार्थ्याचे सासरे बिडकीनजवळ राहतात. त्यांची काही जमीन प्रकल्पात गेली, काही उरली आहे. उरलेल्या तुकड्याच्या बांधावर गोवऱ्यांची आगटी पेटवली होती. राखेत कणसे भाजून हातावर चोळायची, फुंकर मारून भुसा उडवायचा आणि गरम दाणे लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. हुरडा गूळभेंडी ज्वारीचा होता. मालदांडी ज्वारीच्या मुलखातून आलेलो असूनही मी तो आमच्यापेक्षा गोड असल्याचे कबूल केले, आणि माझ्या मेहुण्यांनी ते अजून मला माफ केलेले नाही.

आगटीपाशी बसून पलीकडे पाहिले की आखलेले भूखंड, दिव्यांचे खांब आणि मोकळे सरळ रस्ते दिसत होते. टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारबरोबर येथे २०,००० कोटी रुपयांच्या मोटार प्रकल्पाचा सामंजस्य करार केला आहे. त्यातून ८,००० थेट रोजगार मिळतील, असे सांगितले गेले. मी सवयीने भागाकार केला : एका नोकरीमागे अडीच कोटी. मामांनी, म्हणजे विद्यार्थ्याच्या त्या सासऱ्यांनी, तो ऐकून घेतला आणि शांतपणे विचारले, "मग आमच्या एकराला तेवीस लाख कसे?" या प्रकल्पात शेतकऱ्यांना एकरी २३ लाख रुपये मोबदला मिळाला. त्यातून घर झाले, दोन लग्ने झाली आणि धाकट्या भावाने वैजापूरकडे जमीन घेतली. मामांचा मुलगा पोकलेन चालवतो. हे नाव मुळात एका फ्रेंच कंपनीचे, पण आपल्याकडे खोदणाऱ्या प्रत्येक यंत्राला ते चिकटले. त्याचे यंत्र ब्रिटिश कंपनी जेसीबीचे आहे, आणि त्या कंपनीचा कारखाना आहे तळेगावला. वडिलांच्या गेलेल्या शेतातच त्याने गटाराचा चर खोदला, हे त्याने सांगितले तेव्हा तो हसत होता; मामा हसले नाहीत.

राज्याच्या आकडेवारीविषयी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. २०२४-२५ मध्ये देशात आलेल्या परकीय भागभांडवलापैकी सुमारे ३९ टक्के एकट्या महाराष्ट्राच्या नावावर जमा झाले, आणि ही बातमी आपण अभिमानाने वाचतो. त्यातला मोठा भाग सेवा क्षेत्रात, संगणक व्यवसायात आणि चालू कंपन्यांचे भाग विकत घेण्यात जातो, आणि त्याचा हिशेब मुंबई-पुण्यात बसतो. ३९ हा आकडा राज्याचा आहे. तो जिल्ह्यांत वाटून पाहिला, तर मधल्या मोठ्या मुलखाच्या वाट्याला जवळजवळ काहीच उरत नाही.

उपयुक्त सूचना : वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. हुरड्यासाठी डिसेंबरचा शेवट ते जानेवारी हाच काळ योग्य, आणि सोबत ताक असू द्यावे.

पाचवा दिवस : परतीची वाट

संभाजीनगर, बीड, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर हा रस्ता आता उत्तम झाला आहे. गेवराईपासून पुढे रस्त्याच्या कडेने ऊसतोडणीला गेलेल्यांची बंद घरे दिसत होती. गुळगुळीत चौपदरी रस्त्यावरून शेकडो किलोमीटर जाऊनही चाकणसारखी पाट्यांची माळ कुठे लागली नाही. फळ्यावर मी सांगत असे त्या यादीत रस्ता पहिला असायचा.

मांजरसुंब्याला चहासाठी थांबलो. शेजारच्या बाकावर एक मुलगा आईबरोबर पुण्याच्या गाडीची वाट पाहत होता. पायाशी पत्र्याची पेटी, हातात प्रमाणपत्रांची फाइल. आयटीआयचा फिटर. गावातल्या एकाने चाकणला कंत्राटदाराकडे लावून देतो म्हटले होते. कोणत्या कंपनीत, हे त्याला ठाऊक नव्हते. आईने मला विचारले, "तिकडं ऱ्हायाची सोय आसती का, दादा?" मला त्या नऊ चपलांच्या जोड्या आठवल्या, आणि मी 'असते' एवढेच म्हणालो.

मग मुलाला बारीक मापे घेण्याच्या उपकरणाविषयी विचारले, "व्हर्नियर वाचता येतो का?"

"येतो सर. लीस्ट काउंट शून्य पूर्णांक शून्य दोन."

टोलच्या पावतीच्या पाठीवर मी माझ्या त्या काठावर पास होणाऱ्या विद्यार्थ्याचा नंबर लिहिला आणि कंत्राटदाराकडे जाण्याआधी याला फोन कर, असे सांगितले. त्याने पावती फाइलमध्ये नीट, प्रमाणपत्राच्या मागे ठेवली. पुण्याची गाडी आली तेव्हा त्याला बसायला जागा मिळाली नाही; पेटी टपावर चढवून तो दारातच उभा राहिला. आम्ही तुळजापूरला पोहोचलो तेव्हा धूपारती नुकतीच संपली होती.